मोगादिशूतलं बाळंतपण, लीड्समधून

परत आल्यापासून रत्नागिरीत जो भेटतो तो विचारतो, राणीचा राजवाडा पाहिलात का? नाही पाहिला. २००९ साली मे ते जुलै असे तीन महिने मी इंग्लंडात होते, पण गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. त्यातले दोन दिवस इल्फर्डला गेले, एक दिवस समुद्रावर आणि बाकीचे सगळे लीड्सला. पाहिलं ते थोडंच. पण लीड्सच्या एका स्वयंपाकघरात उभी राहून मी जे ऐकलं, तसं माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि त्यातली बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये काढली. म्हणजे बाळंतपणातलं मला नवं असं काही राहिलेलं नाही, हा माझा समज तिथं खोटा ठरला.

इल्फर्ड

जावयाचं, आमोदचं, लंडनमध्ये दोन दिवस काम होतं, म्हणून त्यानं मला विमानतळावरून त्याच्या मित्राच्या घरी इल्फर्डला नेलं. एका साच्यातून काढल्यासारखी घरं, पुढे हातभर बाग आणि दारात कचऱ्याचे रंगीत डबे. कोपऱ्यावरच्या दुकानात भेंडी होती, गवार होती, कढीपत्ता होता आणि दुकानदार पंजाबीत फोनवर भांडत होता. मी मनाची तयारी करून परदेशात आले होते, ती पहिल्याच दिवशी वाया गेली.

परदेश भेटला तो माणसांच्या वागण्यात. दुकानात माझी ट्रॉली एका म्हाताऱ्या बाईच्या पायावरून गेली, तर तीच मला सॉरी म्हणाली. बसमध्ये काठी टेकत एक आजोबा चढले. ते जागेवर बसेपर्यंत ड्रायव्हरनं बस हलवली नाही आणि कोणी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी नऊ वाजले तरी उजेड होता. जेवायचं कधी आणि झोपायचं कधी हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

लीड्स

लीड्सला रेल्वेनं गेलो. वाटेत मोहरीसारखी पिवळी शेतं, दगडी गडग्यांनी आखलेली हिरवी कुरणं आणि त्यात मेंढ्या. गडगे अगदी आमच्याकडच्यासारखे, फक्त चिरे काळे. मृणाल स्टेशनवर आली होती. तिचं पोट पाहून मी मनात दिवस मोजले आणि मग तिची गळाभेट घेतली.

पुढच्या आठवड्यात तिच्या तपासणीला हॉस्पिटलात गेले. लेबर वॉर्ड पाहून मी बघतच राहिले. आमच्याकडे बाळंतिणीच्या नवऱ्याला फाटकाबाहेर उभं करतात. इथं नवरे आत, बायकोचा हात धरून. कळा देणाऱ्या बायका फेऱ्या मारत होत्या, एक तर कोमट पाण्याच्या टबात बसली होती. आरडाओरडा नाही, कुणी कुणाला दटावत नाही. आम्ही किती बायकांना ओरडलो असू, असं मनात आलं आणि बरं वाटलं नाही.

मृणाल आत गेली होती. मी बाहेर बसले होते. समोर डोक्यावरून ओढणी घेतलेली एक काळी, उंच बाई भिंतीला कपाळ टेकवून उभी होती. तिला कळ आली. मी उठले, तिच्या मागे गेले आणि माकडहाडाच्या वर तळहातानं दाब दिला. विचार केला नाही, हात आपोआप गेला. तिनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात एक नर्स आली आणि फार गोड शब्दांत मला म्हणाली की तुम्ही बसून घ्या. मी शरमून बसले.

त्या बाईबरोबर तिची दुभाषी होती. चाळिशीची, किडकिडीत, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. ती माझ्या हाताकडे बघत होती. नंतर ती शेजारी येऊन बसली आणि हिंदीत म्हणाली, "आप दाई हैं."

मी चकित झाले. ती सोमालियाची, मोगादिशू शहरातली. तिथं पूर्वी थिएटरांत हिंदी सिनेमे लागायचे आणि अर्धं शहर त्यातून हिंदी शिकलं, असं तिनं सांगितलं. तिचं नाव हलीमा. तीही सुईण होती. शिकलेली, सोळा वर्षं काम केलेली. पण तिची प्रमाणपत्रं इथं अजून मान्य व्हायची होती, तोवर ती सोमाली बायकांसाठी दुभाषी म्हणून काम करत होती. सिनेमातलं हिंदी आणि मोडकं इंग्रजी, एवढ्यावर आमची गट्टी जमली. ती मला दीदी म्हणायला लागली.

हलीमाचं घर

मला नात झाली. मृणालचं सगळं सुखरूप पार पडलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला घरी पाठवलं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. नात दहा दिवसांची झाल्यावर हलीमानं मला जेवायला बोलावलं. मृणालला आळिवाची खीर करून दिली, आमोदला बाळाजवळ बसवलं आणि दोन बस बदलून गेले. एका थांब्यावर चुकीच्या बाजूला उतरले. तिथल्या पोस्टातल्या बाईनं काउंटर सोडून बाहेर येऊन मला रस्ता दाखवला.

हलीमानं अंजेरो केले होते. तव्यावर ओतल्यावर गोल गोल कडी उमटत जाळी पडली, तेव्हा मी म्हटलं, ही तर आमची आंबोळी. मग भात आला, तिच्या भाषेत बरीस, आणि त्याबरोबर सोललेलं अख्खं केळं. भाताबरोबर केळं कसं खायचं, मी विचारात पडले. ती घासाघासाला केळ्याचा तुकडा मोडत होती. मीही तसंच केलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला. वेलची-दालचिनीचा चहा झाला. त्यांच्याकडेही बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. सव्वा महिन्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. तिचा समुद्र आणि माझा समुद्र एकच आहे, फक्त काठ समोरासमोरचे, हे आम्ही तिच्या मुलीच्या शाळेच्या नकाशात बोट ठेवून पाहिलं. मुलगी शाळेत गेली होती.

चहानंतर तिनं आपली हकीकत सांगितली.

मोगादिशूत तिचं तीन खोल्यांचं प्रसूतिगृह होतं. लढाई पेटली तेव्हा सरकारी फौजा एका रस्त्यावर होत्या आणि अतिरेकी पलीकडच्या गल्लीत. मध्ये हिचं घर. महिनोन् महिने हीच स्थिती. आज एक चौक यांचा, उद्या त्यांचा. तोफगोळे कुठून येतात ते कळायचं नाही. बायका गोळीबार थांबला की भिंतीच्या कडेनं यायच्या. एकदा एका खोलीत सरकारी सैनिकाची बायको आणि दुसऱ्या खोलीत अतिरेक्याची बायको अशा एकाच वेळी कळा देत होत्या. मध्ये फक्त पडदा. हलीमा पडद्याच्या या बाजूहून त्या बाजूला ये-जा करत होती. पाणी उकळायला चूल एकच होती, तेव्हा सैनिकाच्या सासूनं दोघींसाठी पाणी तापवलं.

मग अतिरेकी आले. सैनिकांच्या बायकांना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. हिनं विचारलं, "मग पोटातल्या मुलाला थांबायला तुम्ही सांगाल का?" ते निघून गेले. पंधरा दिवसांनी तिच्या नवऱ्याला दारात गोळी घातली.

हे सगळं तिनं सरळ आवाजात सांगितलं. आवाज बदलला तो पुढच्या गोष्टीला. नवरा गेल्यानंतरच्या आठवड्यात एक बाई अडली. मूल पायाळू होतं. अंग बाहेर आलं आणि डोकं अडकलं. मोठं हॉस्पिटल दोन रस्ते पलीकडे होतं आणि मधल्या रस्त्यावर लढाई चालू होती. "दोन रस्ते, दीदी," ती म्हणाली. मूलही गेलं, आईही गेली. त्यानंतर तिनं मुलीला घेऊन देश सोडला. म्हातारी आई घर सोडायला तयार नव्हती, म्हणून धाकटी बहीण शम्सो आईजवळ राहिली. शम्सो काही शिकलेली सुईण नव्हती. ती बहिणीला पाणी, कापड देण्यापुरती मदत करायची.

आणि या मे महिन्यापासून त्या शहरात पुन्हा तशीच लढाई पेटली होती. घरी परतताना बसमध्ये मला माझीच एक फुशारकी आठवली. कुडाळला एकदा पुरात दोन दिवस लेबर रूम चालवली होती, ते मी किती वर्षं लोकांना सांगत आले होते.

शनिवार

जूनच्या शेवटच्या शनिवारी मी पुन्हा हलीमाकडे गेले. मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू नेले होते, ती मला त्यांच्याकडची मेंदीची नक्षी दाखवणार होती. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे मोगादिशूत दुपारचा एक. फोन वाजला. त्या देशात धड सरकार नाही, वीज नाही, पण मोबाइल मात्र चालतो, हे मला तोवर कळलं होतं.

शम्सोचा फोन होता. शेजारची फादुमो नावाची बाई पहाटेपासून अडली होती. हॉस्पिटलच्या रस्त्यावर दोन्हीकडून गोळीबार चालू होता. तिला शम्सोच्या घरात आणलं होतं. आणि शम्सोला मुलाचं डोकं दिसत नव्हतं, ढुंगण दिसत होतं.

हलीमानं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि मधूनमधून मला हिंदीत सांगत राहिली. पहिली दोन मिनिटं ती शांतपणे सांगत होती. बाईला खाटेच्या कडेला घे, आईला तिच्या मागे बसव. फोनमधून बाईचं कण्हणं येत होतं आणि त्याच्या मागे ठक ठक असा आवाज, दार वाजवल्यासारखा. मग एक मोठा धडाका झाला. फोनमधली सगळी माणसं एकदम थांबली. शम्सो काहीतरी ओरडली. हलीमानं ओट्याची कड धरली. तिचे ओठ हलत होते पण शब्द येत नव्हता. ती कुठं जाऊन पोचली होती ते मला दिसत होतं.

मी फोनजवळ वाकले आणि हिंदीत विचारलं, "शम्सो, मेरी बात समझती हो?"

मग आवाज आला, "जी."

"मैं भी दाई हूँ. हाथ मत लगाओ. खींचना नहीं."

पायाळू मुलाला ओढायचं नाही, हे मला शिकवलं होतं गुहागरच्या एका अडाणी सुईणीनं, मी नवीन असताना. ओढलं की हात वर जातात, मान ताठ होते आणि डोकं अडकतं. मूल आपल्या वजनानं येऊ द्यायचं. आपण फक्त थांबायचं, आणि हे थांबणं फार अवघड असतं. लीड्सच्या ओट्याशी उभी राहून मी त्या पोरीला थांबायला सांगत होते आणि तिच्या डोक्यावर छप्पर हादरत होतं.

ती थांबली. कळ आली, बेंबी दिसली, तसं तिनं सांगितलं. मी म्हटलं, कोरड्या फडक्यात धर, पाठ वरच्या बाजूला राहू दे. एक हात आला, दुसरा आला. आता माझं हिंदी संपलं. मानेचे केस, ओटीपोट, हे शब्द तिला कळेनात. तेव्हा हलीमा भानावर आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी जे मराठीत पुटपुटत होते ते माझ्या हातवाऱ्यांवरून ओळखून ती सोमालीत सांगायला लागली. मूल लोंबू दे. मानेवरचे केस दिसले की पाय धरून हळूहळू वर उचल. आई, तू वरून पोटावर दाब. सत्तरीच्या आईचं उत्तर आलं, बारीक पण खणखणीत.

मग नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन गेली. ती मुलाच्या घशातली खरखर होती. शम्सोनं फोन त्याच्या तोंडाशी धरला होता.

मी म्हटलं, वार ओढू नकोस, मुलाला आईच्या छातीशी लाव. एवढं म्हणेपर्यंत फोन बंद पडला. तिनं किती ऐकलं होतं, कोण जाणे. वार अजून पडायची होती. बाळंतपणातली बाई जाते ती बहुतेक त्याच वेळी जाते, हे त्या स्वयंपाकघरातल्या दोघींनाही माहीत होतं. हलीमानं पुन्हा नंबर लावला. पुन्हा लावला. ती दुपारभर लावत राहिली आणि मी तिच्या मुलीला पोळी करून वाढली.

सहा दिवस

सहा दिवस फोन लागला नाही. हलीमा कामावर जात होती. मी नातीला तेल लावत होते, न्हाऊ घालत होते, पण तिच्या अंगावरून हात फिरवताना माझं लक्ष नसे. मृणालला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, तू केलंस तेवढं खूप झालं." मी म्हटलं, मी काय केलं, मी ओट्याशी उभी होते. टीव्हीवर त्या शहराची बातमी अर्धा मिनिट दाखवत. फुटलेल्या भिंती, पाठीवर गाठोडी घेऊन चालणाऱ्या बायका. मी टीव्हीच्या जवळ जाऊन त्या बायकांचे चेहरे बघायचे, जणू शम्सोला मी कधी पाहिलं होतं.

स्कारबरो

सातव्या दिवशी आमोदनं मला समुद्रावर न्यायचं ठरवलं. बाळ आणि मृणाल घरी थांबणार होत्या, मीच जावयाला म्हटलं की तू त्यांच्याजवळ थांब, मी हलीमाला घेऊन रेल्वेनं जाते. ती आधी नको म्हणाली. मग आली.

यॉर्कला गाडी बदलली. स्कारबरोला उतरून उतार संपला आणि समुद्र समोर आला. मी जन्मभर समुद्राकाठी राहिले आहे, पण असा समुद्र पाहिला नव्हता. करडा, थंड, जुलैतही अंगावर काटा आणणारा. एका बाजूला उंच कड्यावर किल्ल्याच्या पडक्या भिंती आणि खाली ओहोटीनं मैलभर मागे गेलेलं पाणी. ओल्या वाळूत आख्खं आभाळ उतरलं होतं. नऊवारी नेसल्यासारखी पँट वर खोचून म्हातारे गोरे लोक त्या पाण्यात उभे होते. कुत्री धावत होती, पोरं वाळूचे बुरूज करत होती. एवढी शांतता या जगात आहे आणि तीही त्याच दिवशी आहे, याचा मला धाक वाटला.

आम्ही बाकावर बसून कागदातले मासे आणि बटाटे खाल्ले. मासा ताजा होता, पण मसाल्याच्या नावानं शून्य. एका धीट समुद्रपक्ष्यानं माझ्या हातातला मोठा तुकडा उचलून नेला आणि हलीमा सात दिवसांत पहिल्यांदा हसली.

आणि तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

ती उठून उभी राहिली. सोमालीत बोलत होती, मला कळत नव्हतं, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मध्येच खाली वाळूवर बसली. मग फोनवर हात ठेवून एकेक वाक्य मला सांगत गेली.

शम्सोनं "ओढू नकोस" एवढंच ऐकलं होतं. म्हणून तिनं ओढलं नाही. रक्त जायला लागलं तेव्हा हलीमा काय करायची ते आठवून तिनं पोट चोळलं, मुलाला छातीशी लावलं. वार पडली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत रणगाडा शिरला, तेव्हा आई, फादुमो, बाळ, सगळ्यांना गाढवाच्या गाडीवर घालून ती शहराबाहेर निघाली. वाटेत बंदूकवाल्यांनी फोन काढून घेतला. आता त्या अफगोयच्या रस्त्यावर आहेत, जिथं शहरातून पळालेली माणसं झाडाखाली फडकी बांधून राहतात. हा फोन एका दुकानदाराचा आहे. फादुमो बरी आहे, मुलगा दूध पितो.

"अजून काय?" मी विचारलं, कारण ती थांबली होती.

"अजून दोन बायका बाळंत केल्या तिनं," हलीमा म्हणाली. "वाटेत. एक गाडीखाली. मला न विचारता."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती पुन्हा फोनवर बोलायला लागली, भराभर, एकावर एक. मला कळत नव्हतं, पण कळत होतं. हात धू, नाळेला स्वच्छ दोरा बांध, पाणी उकळ, मी सगळ्या नव्या पोरींना सांगायचे तेच सगळं असणार. मग फोन कानावरून काढून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"ठेवला," ती म्हणाली. "बाई आलीय म्हणाली. बोलायला वेळ नाही."